मागचे कर्णे

प्रिय शिट्टी,

या पराभवात माझं खरोखर काय काय गेलं, ते काल न्हाव्याच्या बाकड्यावर बसून मोजलं. गाडी गेली, ती माझी नव्हतीच. दारावरचा पहारेकरी गेला, पण तो दिवसभर डुलक्या काढायचा, त्यामुळे घरात कुणाला फरक पडला नाही. आवाज गेला, तो हळूहळू परत येतोय. आणि दुकानात शिरल्या शिरल्या खुर्चीवर बसायचा मान गेला. हा मात्र लागला. एवढी वर्षं मी उंबऱ्यात दिसलो की अर्धी दाढी झालेला माणूससुद्धा उठू बघायचा. काल न्हावी आरशातूनच म्हणाला, “दादा, टेका जरा, पुढे तिघं आहेत.” टेकलो. खर्च म्हणायचा तर एवढाच. बाकीची नुसती हवा होती.

पाकिटावर ‘माननीय’ लिहिलंय, कारण त्याशिवाय तुझ्या कचेरीतली माणसं ते तुझ्या टेबलापर्यंत जाऊ देणार नाहीत. आत मात्र तू लाउडस्पीकरच्या दुकानातला माझा शिट्टीच. आणि फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू गोड बोलतोस आणि मी विरघळतो. तुझं ते “दादा, तब्येत कशी आहे” ऐकलं की तू मला पाडलंस हेच मी विसरून जातो.

तर बाकड्यावर मी तोंडासमोर पेपर धरून बसलो होतो आणि कान उघडे होते. पेपरमागे बसलेल्या माणसाला ऐकू येत नाही असा लोकांचा एक गोड समज असतो. खुर्चीतला म्हणाला, नवे साहेब कामाचे दिसतात. बाकड्यावरचा म्हणाला, जुनाही वाईट नव्हता, रस्त्यात ओळख द्यायचा. न्हावी म्हणाला, आता ओळख नव्या साहेबांच्या गाडीतून देईल, रविवारी जुन्याचा पक्ष त्यांच्यात जमा होतोय. आमच्या पक्षाचा जीव राहणार की जाणार ते रविवारच्या बैठकीत ठरायचंय, पण दुकानात निकाल लागूनही गेला होता. माझी पाळी आली तेव्हा न्हाव्यानं विचारलं, कसे कापू. म्हटलं, हरलेल्या माणसाला शोभतील असे नको.

तुझा निरोप्या परवा आला होता. तोच, ज्याच्या अत्तराचा वास त्याच्या आधी जिना चढतो. कार्यालय अजून टायरच्या दुकानावरच आहे. खुर्चीवर बसण्याआधी त्यानं ती रुमालानं पुसली, तिथंच कार्यालय सांभाळणाऱ्या मावशीनं त्याला मनातून उतरवलं. त्यानं तुझा प्रस्ताव मांडला. पक्ष तुमच्यात विलीन करायचा, मी कुठल्याशा महामंडळाचा अध्यक्ष व्हायचं, पोरांना कुठं कुठं चिकटवून घेतलं जाईल. आमचा खजिनदार ऐकताना अशी मान हलवत होता की जणू त्याचीच सोयरीक जुळत होती. मावशी म्हणाली, “अध्यक्षांना तिथं काम काय असतं?” अत्तरवाला म्हणाला, विशेष नसतं. मावशी म्हणाली, “मग हरलेलं काय वाईट, हेच तर करतायत ते सध्या.” तिच्या तोंडाला लागायचं नाही हे तू त्याला आधी सांगायला हवं होतंस.

पण खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी मीही मनातून ढिला झालो होतो. पक्षातली निम्मी माणसं खजिनदाराकडे बघतात, उरलेली माझ्याकडे, आणि मी बघत होतो भिंतीवरच्या आपल्या चिन्हाकडे. शिडी. आठवतं ना, चिन्ह निवडायच्या वेळी तूच हट्ट धरला होतास. आणि पक्ष सोडून गेलास तेव्हा तूच म्हणाला होतास, शिडीच्या वरच्या पायरीवर एकालाच जागा असते. दोन्ही वेळा बरोबर होतास, हा तुझा जुना त्रास आहे.

दुसऱ्या दिवशी खरीखुरी शिडी खांद्यावर टाकून मैदानावर गेलो. लाउडस्पीकरच्या दुकानात आपल्याला पहिल्या दिवशी शिकवलेलं तुला आठवत असेल. कर्णा ज्यानं बांधला त्यानंच उतरवायचा, कार्यक्रम कसाही झालेला असो. मालक म्हणायचा, लग्न मोडलं तरी मांडवातून आपली वायर आपण गुंडाळून आणायची. म्हणून हरलो तरी शेवटच्या सभेचे मागचे कर्णे मीच उतरवायला गेलो. ते आपलेच जुने; बांधले साउंडवाल्यानं, पण हट्ट माझा होता. पुढच्या बाजूला हल्ली स्पीकरच्या मोठाल्या पेट्या येतात, त्यांचा धक्का छातीत बसतो आणि शब्द कानाला चुकवून जातो. मागच्या माणसाला शब्द लागतो, आणि तो कर्ण्यातूनच पोचतो.

शिडीवर चढलेल्या माणसाकडेही कुणी वर बघत नाही. खाली दोघंजण थांबले. एकजण म्हणाला, वर कोण आहे रे. दुसरा म्हणाला, असेल कुणी वायरमन. मग पहिला म्हणाला, इथंच उभे होतो आपण त्या दिवशी, दादा जवळजवळ तासभर बोलत होता, काही कळलं का तुला? दुसरा म्हणाला, पुढचे टाळ्या वाजवत होते, मग मीपण वाजवल्या.

मी हातातल्या वायरीकडे बघितलं. शिट्टी, तिच्या टोकाला दुकानातली चिकटपट्टी जशीच्या तशी होती. जोडलेलीच नव्हती. खाली उतरलो, शेजारच्या खांबावर चढलो, तिथंही तेच. अर्धं मैदान मुक्या कर्ण्यांखाली उभं राहून मला ऐकत होतं. साउंडवाल्याला गाठलं तर तो शांतपणे म्हणाला, “खजिनदारसाहेब म्हणाले, दादांच्या समाधानासाठी मागे ते जुने लटकवून ठेव. जोड म्हणून कुणी बोललं नाही.” प्रत्येक सभेत हेच का, विचारलं. म्हणाला, प्रत्येक सभेत. आणि म्हणाला, तुमची माणसं तर पुढून अंगठे वर करून दाखवत होती.

ती पुढूनच दाखवणार. मागे कुणाला पाठवायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलंच नाही. तुला शिकवलं होतं. सभा सुरू झाली की तू शेवटच्या रांगेच्या मागे जाऊन पाठ करून उभा राहायचास, म्हणजे ओठ बघून समजल्यासारखं व्हायला नको. ऐकू आलं तर डावा हात वर. नाही आलं तर हात खिशात, मग मी कितीही रंगात आलेलो असो. एकदा मोठ्या नेत्यांच्या देखत तू खिशातून हात काढला नाहीस आणि मी भाषण तोडून ॲम्प्लिफायरपाशी गेलो. लोक हसले, पण दुसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा शेवटची रांग पुढे सरकली होती. तू गेल्यावर त्या जागी कुणी उभं राहिलं नाही. पुढच्या रांगेत मात्र खुर्च्या कमी पडायला लागल्या.

या गोष्टीनं मी खचायला हवं होतं, पण उलटंच झालं. मैदानातून परत येताना मी गुणगुणत होतो, शिडीच्या वजनानं खांदा दुखत असूनसुद्धा. कारण सरळ आहे. लोकांनी मला नाकारलं असं सगळे म्हणतायत. मला ऐकलं कुणी, नाकारायला? माझं म्हणणं बाजारात गेलंच नाही, मग ते विकलं गेलं नाही म्हणून रडायचं कशाला? छातीवर हात ठेवून सांगतो, ज्यानं माझं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, त्याचं मत दुसरीकडे गेलेलं नाही. तुझा अपवाद करतो, तू पगारी होतास. रात्री जेवताना हेच तुझ्या वहिनीला ऐकवलं. तिनं भाजीची वाटी पुढे सरकवली. तिची सवय तुला माहीत आहे. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी प्रत्येक भाषण आधी तिला म्हणून दाखवतो, तेव्हाही ती अशीच चिरत, निवडत असते.

आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी एवढं पान काळं केलं. पक्ष विलीन होणार नाही. रविवारी बैठकीत खजिनदारानं हात वर केला आणि त्याच्यामागे सगळी खोली गेली तरी मी आणि मावशी मिळून पक्ष उरतो, तेवढा मला पुरतो. महामंडळ दुसऱ्या कुणाला दे, अत्तरवाल्यालाच दे, खुर्ची पुसायची सवय आहे त्याला. बैठक संपल्यावर संध्याकाळी त्याच मैदानात सभा घेतोय. मंडप नाही, पेट्या नाहीत. कर्णे मी बांधणार, वायरी मी जोडणार, आणि तेच भाषण पहिल्या वाक्यापासून करणार. तुला एकच मागणं आहे. ये. गाडी लांब ठेव, टोपी घाल, काय करायचं ते कर, पण शेवटच्या रांगेमागे पाठ करून उभा राहा. पटलं तर हात वर कर असं म्हणत नाही. ऐकू आलं तर कर. नाही आलं तर खिशात ठेव, मी थांबेन आणि पुन्हा सुरू करेन. माझ्या पक्षात आज खरा हात वर करणारा एकही माणूस नाही, म्हणून तो तुझ्या पक्षातून मागवतोय. पाडलंस तर पाडलंस, एवढं काम तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला येत नाही.

तुझाच, अजून शिडीवर असलेला,
दादा

ता. क. पत्र तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. मावशीचं ऐकताना हसली, तू शेवटच्या रांगेत येशील म्हणाली. मग भाजी निवडता निवडता तिनं सांगितलं की या खेपेला मत तिनं तुला दिलं.