फोटो काढा

सोमवार
मी गोजरबाई, धावड्याची. आज मस्तगडला लेकाच्या, कल्याणच्या नव्या घरी आले. नवं म्हंजे आपल्याला नवं. आधी कमरोद्दीन फोटोवाल्याचं होतं. मी चौथी शिकल्याली, पन नात अर्पिता म्हनली, आजी, रोज लिही. तर लिहून राह्यले. माळ्यावर जुने फोटो सापडले. तळ्यातल्या बेटावरची वस्ती. बाया भाकरी थापून राह्यल्या, म्हातारा जाळं शिवतो, पोरं शेळी धुतेत. काय जिवंत! आमची काळी शेळी बी अशीच पान्याला भ्यायची, पन ते राहू द्या. सगळ्यात मोठा फोटो मी बैठकीत टांगला. सून साधना हसली, म्हनली, आत्याबाई, हे कोनाचे पाव्हने आनले?

बुधवार
फोटोतल्या बाया काल चुलीपाशी होत्या. आज काठाला उभ्या. माझी नजर गेली, दुसरं काय.
शेजारच्या सुगराबी आल्या, कमरोद्दीनची लेक. फोटो बघून पांढऱ्याफटक. म्हनल्या, बाई, जल्दी फोटो काढा. अन् चहा न घेता गेल्या. मंग कल्याणनं अर्पिताला त्या फोटोपाशी उभं केलं अन् मोबाईलवर काढला की! झ्याक आला.

गुरुवार
अर्पिता बोलंना. अंग गार, केसातून पानी गळतंय. भिंतीवरच्या फोटोत बायांच्या मधी एक पोरगी. तिचाच फ्रॉक.
सुगराबींकडं पळाले. त्या कपाळ बडवून म्हनल्या, काढा म्हंजे भिंतीवरून उतरवा म्हनले होते मी! तळ्याचं पानी चढलं तवा अब्बांनी त्या वस्तीतल्यान्ला हालू नका म्हनून हा फोटो घेतला. नावेत क्यामेऱ्याच्या पेट्या भरल्या, मान्सं बेटावरच सोडली. सगळे बुडाले. या फोटोपाशी ज्याचा फोटो निघतो, त्याला ते नेतेत. माझा भाऊ तसाच गेला.

शुक्रवार
उतरवला. जाळला— पेटंना. ओला.
अर्पिताचे ओठ निळे. फोटोतल्या बाईला म्हनले, ज्यानं बुडवलं तो मेला. लेकरू सोड, मला घे. तिनं मान डोलावली.

शनिवार
त्या फोटोपाशी उभी राहून माझा फोटो काढायला लावला. कल्याण रडत होता, तरी—
अर्पिता वरडली! आई म्हनली!
पायाखाली पानी. वही हातातच— बाया जवळ आल्या. हसून राह्यल्या. म्हन्तेत, एकीनं काय होतं? त्यानं आमची सारी वस्ती—
काचेपल्याड साधना. आत्याबाईला सोडा, मला घ्या, म्हनून राह्यली. फोटोपाशीच उभी. कल्याणच्या हातात मोबाईल—
नको रे बाळा, काढू न—