एका फुंकरीसाठी साडूंना बोलावणं

कुंडल,
शुक्रवार, दुपार.

श्री. तानाजीराव यांस,

आकारामचा कुंडलहून रामराम. तुमची प्रकृती, आक्कांची प्रकृती आणि कोयनानगरची जमीन, तिन्ही स्थिर असावीत अशी वीरभद्राजवळ प्रार्थना करतो. (मागच्या खेपेला भूकंपाचा धक्का बसला तेव्हा आक्कांनी फडताळातल्या बरण्या धरल्या आणि तुम्ही बशी धरून चहा संपवलात, असं कळलं. अशाच घट्ट काळजाच्या माणसाची मला सध्या गरज आहे.) फोन केला असता, पण फोनवर बोलू लागलो की तुमच्या मेहुणीबाई, म्हणजे आमच्या सौ., भिंतीपलीकडून ऐकतात आणि मध्येच उत्तरही देतात. पत्राची तेवढी सोय बरी.

तुम्हाला आठवत असेल, आमची साक्षी पाचवीत असताना आमच्याकडं एक जुना कॉम्प्युटर आला होता आणि त्यात एका पोस्टमनचा खेळ होता. हा पोस्टमन एका बेटावर पत्र पोचवायला जातो. मारामारी नाही, पळापळ नाही. चित्रावर बाण न्यायचा, माऊसचं बटण दाबायचं, की तो सावकाश तिथं चालत जातो. दिसेल ती वस्तू उचलून पिशवीत टाकायची आणि पुढं कुठं अडलं की पिशवीतली एकेक वस्तू तिथं लावून बघायची. माऊस माझ्याकडं असायचा आणि साक्षी इंग्रजी वाचून मला अर्थ सांगायची. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालून आम्ही ते पत्र पोचवलं होतं.

साक्षी आता दीड वर्ष होसूरला कंपनीत आहे. रविवारी सकाळी माझी पूजा झाली की तिचा फोन येतो. आधी आमचं बोलणं असं व्हायचं: जेवलीस का, जेवले, पाऊस आहे का, नाही, बरं, आईला देतो. दीड मिनिट. पाडव्याला तिनं मला त्या खेळाचा दुसरा भाग पाठवला. तोही जुनाच आहे, पण आमच्यापर्यंत यायला त्याला पंचवीस वर्षं लागली (टपालाचं काम म्हटल्यावर मी तक्रार केली नाही). यात पोस्टमन त्या पत्राचं उत्तर घेऊन परत निघतो. आमचं ठरलं की तिनं तिकडं खेळायचं, मी इकडं, इंटरनेटवर उत्तरं बघायची नाहीत आणि एकमेकांना सोडून फार पुढं जायचं नाही. तेव्हापासून रविवारचा फोन तासभर चालू लागला. तानाजीराव, परगावी गेलेल्या मुलीशी बापानं तासभर काय बोलावं हे कुणी शिकवत नाही. मला ते या पोस्टमननं मिळवून दिलं. आता तो तास हातातून चालला आहे, म्हणून ही सगळी कहाणी.

खेळाची पहिली अडचण म्हणजे त्यातली उचलाउचल. सुरुवातीलाच मासे धरणारा एक कोळी झोपलेला आहे आणि त्याचं जाळं घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. म्हटलं, उठेल तेव्हा विचारून घेऊ. अर्धा तास वाट पाहिली. मधे चहा घेतला, आंघोळीचं पाणी तापवलं, तरी तो घोरतच होता. मग साक्षीनं सांगितलं की तो कधीच उठणार नाही, त्याला झोपायलाच ठेवलंय. अखेर जाळं घेतलं. पण काम झाल्यावर परत ठेवायला गेलो, तर परत ठेवायची सोयच त्या खेळात नाही. पोस्टमन नुसता खांदे उडवतो. तेव्हापासून त्या कोळ्यासमोरून जायची वेळ आली की मी वळसा घालून जातो. पुढं धोबिणीचा साबण, पाद्र्याचा चष्मा आणि एका म्हातारीचं मांजर असं करत पिशवीत चौतीस वस्तू झाल्या. मी उभ्या जन्मात शेजाऱ्याचं लिंबू न विचारता तोडलेलं नाही.

तरी इथवर मनाला समजावलं. पण आता समुद्राकाठी एक लोखंडी फाटक आहे. कुलूप गंजलंय, तेल घातल्याशिवाय उघडत नाही. आणि त्या अख्ख्या बेटावर तेल आहे ते एकाच ठिकाणी, खलाशांच्या देवीपुढच्या दिव्यात. खाली पाटी आहे. तिचा अर्थ मी शब्दकोश घेऊन लावला: जोवर कुणी दर्यावर आहे तोवर हा दिवा जळता राहील. दिव्यावर बाण नेला की सूचना येते. पोस्टमननं काय करायचं, तर पुढं जाऊन त्या दिव्यावर फुंकर मारायची, दिवा उचलायचा आणि तेल कुलपात ओतायचं.

फुंकर, तानाजीराव. आमच्या आईनं देवापुढचा दिवा विझला हा शब्दसुद्धा कधी तोंडातून काढला नाही. उष्ट्या तोंडाची फुंकर तर दूरच, ती फुलानं वात मागं सारायची. इथं फुलाची सोय नाही. मी बघितली. पिशवीत एक गुलाब आहे, तो दिव्यावर लावला, तर पोस्टमन म्हणतो की दिव्याला गुलाबाचा वास कळत नाही.

मग दुसरं तेल शोधलं. लोणी लावलं, साबण लावला, मेणबत्ती घासली, शेवटी मांजरही लावून पाहिलं (मांजराला इजा होत नाही, पोस्टमन फक्त हे जमणार नाही म्हणतो). सात आठवडे मी त्या फाटकाशी आहे. परवा तर पाणीपुरवठा संस्थेच्या पंपावर पाळीचं पाणी सोडताना मनात फाटकच घोळत होतं आणि भलताच व्हॉल्व्ह उघडला. गुंडाअण्णाच्या उसाला दोनदा पाणी गेलं आणि जयराजचा ऊस कोरडा राहिला. जयराज पंपावर येऊन म्हणाला, "आवं आकाराम, माझ्या पाळीचं पाणी कुठं गेलं?" मी म्हणालो, "लय गंजलंय, गड्या. तेलच मिळंना." त्यानं सरळ घरी जाऊन बायकोला सांगितलं की आकारामला बघून ये.

देवळातल्या पुजाऱ्यालाही विचारलं. तो म्हणाला, "खेळात बक्षीस मिळालं तर घरी आणता येतं का? न्हाई. मग पाप तरी कसं घरी येईल?" उत्तर चांगलं होतं. प्रसाद घेऊन मी निम्म्या वाटेवर आलो आणि वाटलं, पण आनंद तर घरी येतो की. रविवारचा तो तास मी घरातच बसून बोलतो. आनंद खरा धरायचा आणि पाप तेवढं खोटं धरायचं, हे मला सरळ वाटेना.

यात मोठी अडचण साक्षीची झाली आहे. पहिल्याच रविवारी तिनं विचारलं, "आप्पा, फाटक उघडलं का?" देवाच्या दिव्याला भिऊन अडलो हे इंजिनियर मुलीला कसं सांगावं, म्हणून म्हणालो, "होत आलंय." ती म्हणाली, तिचं उघडलंय, ती पलीकडं थांबते. तेव्हापासून दर रविवारी होत आलंय. काही विचारलं तर उघडा पडेन म्हणून मी खेळाचा विषय काढत नाही, आणि माझ्यासाठी थांबलेली म्हणून तीही काढत नाही. गेल्या रविवारी चार मिनिटं बोललो. त्यातलं एक मिनिट पावसावर गेलं.

म्हणून तुम्हाला बोलावणं आहे. या खेळाला लागतो तसा हात आपल्या नात्यात तुमचाच. रस्त्यात नट दिसला तर तुम्ही उचलता, बोल्ट कुठं मिळेल याची वाट बघता आणि चार वर्षांनी तो मिळतोही. पाटणच्या पुढच्या वळणावर जीप बंद पडली, तेव्हा तुम्ही खिशातून कुठल्याशा गिरणीचा पट्टा काढून बसवलात आणि आपण लग्नाला वेळेवर पोचलो. (तो पट्टा कुणाचा असेल म्हणून मी मुहूर्तापर्यंत मागं बघत होतो. तुम्ही जेवणाच्या पंगतीची चौकशी करत होतात.) तेव्हा येत्या आठवड्यात या. कॉम्प्युटर लावून ठेवतो. तुम्ही एकदाच बटण दाबायचं. तेवढा वेळ मी परसात उभा राहीन. तुम्हाला दोष लागू नये म्हणून वीरभद्राला नारळ बोलून ठेवला आहे.

आक्कांना नमस्कार. लहानथोरांची खुशाली कळवावी.

आपला,
आकाराम

ता. क. शुक्रवार, संध्याकाळ. पाकिटाला डिंक आणायला गेलो तेवढ्यात तुमच्या मेहुणीबाईंनी पत्र वाचलं. तुम्हाला बोलावण्याला त्यांची हरकत नाही, मटण करायचं का ते विचारायला सांगितलंय. पण मला म्हणाल्या, "देवाचा दिवा फुकायला भ्या वाटतंय, आन् पोरीशी सात आठवडं खोटं बोलाय न्हाई वाटलं व्हय?" मी म्हटलं, ते वेगळं आहे. कसं वेगळं, ते त्यांनी विचारलं. मी अजून विचार करतो आहे. पत्र सोमवारपर्यंत ठेवून घेतो.

ता. क. दुसरा. रविवार. आज साक्षीचा फोन आला आणि मी सगळं सांगून टाकलं. पाटी, फुंकर, गुलाब, मांजर, सगळं. मला वाटलं, आता ही हसणार. तर म्हणाली, "आप्पा, मी पण तिथंच आहे." फाटक तिनंही उघडलेलं नाही. पहिल्या दिवशी दिव्यापर्यंत गेली, पाटी वाचली आणि बटण दाबवलं नाही. आप्पांचं होत आलंय आणि आपण एवढ्याशावर अडलो, म्हणून लाजून खोटं बोलली. शिकलेली मुलगी, कंपनीत मशीनं चालवते. मी काही शिकवलं नव्हतं तिला यातलं. निदान शिकवलेलं आठवत नाही.

मग तिनं कुलपाला काय काय लावून पाहिलं ते सांगितलं. शेळीचं दूध तर मला सुचलंच नव्हतं. ती म्हणाली माशाचं काळीज बघा, त्यातून तेल निघत असेल. मी म्हटलं, मासा कोण देईल, कोळी झोपलाय. असं करत एक तास पन्नास मिनिटं झाली. सौ. दोनदा जेवायला बोलावून गेल्या आणि तिसऱ्यांदा स्वतःच ऐकत बसल्या. शेवटी त्यांनी शेवग्याच्या बियांचं तेल सुचवलं. पुढच्या रविवारी बेटावर झाडं किती आणि कोणती हे मोजायचं ठरलंय. सगळी धरली तर पाच-सहा रविवार सहज जातील.

ता. क. तिसरा, आणि हा तुम्ही एकट्यानं वाचावा. फोन ठेवताना साक्षी म्हणाली, "कोयनेच्या काकांना बोलवू का? ते दोन मिनिटांत उघडतील." तिनं विचारलं खरं, पण आवाजात घाई नव्हती. ती तुम्हाला फोन करील. तेव्हा तानाजीराव, वर जे लिहिलंय ते कृपा करून विसरा आणि येऊ नका. नारळ मी माझ्या नावावर करून घेतला आहे. खोटं बोलणं मी आजपासून सोडलं असल्यामुळं ते काम तुम्हालाच करावं लागेल, क्षमा असावी. तिला सांगा, पाऊस उघडला की येतो. पाऊस उघडला की सांगा, ऊसतोड झाली की येतो. ऊसतोड संपेपर्यंत पुन्हा पाऊस जवळ आलेलाच असतो.