गाडीला अर्थ नाही

चारकोप, सेक्टर तीन

तीर्थस्वरूप रामनाथ भावोजींना धाकट्या मेव्हण्याचा, म्हणजे गुणाजीचा, एका हाताने नमस्कार (दुसऱ्याला ग्रीस आहे).

ताईचा गुडघा आता कसा आहे? देवगडची हवा तुम्हा दोघांना मानवली हे ऐकून बरं वाटलं. इकडे मी आणि वनमाला मजेत. पत्र अशासाठी, की फोनवर तुम्ही 'मुद्द्याचं बोल' म्हणता, आणि या गोष्टीतला मुद्दा बराच आत, बॉनेटखाली आहे.

गावी जाताना तुम्ही तुमची जुनी फियाट माझ्या ताब्यात दिलीत आणि म्हणालात, जरा नीटनेटकी कर नि विकून टाक. तुमचा शब्द मी कधी मोडलाय? गॅलरीच्या ग्रिलला लावून उरलेला ऑइलपेंट घरात होताच. बॉनेटखालचं सगळं सोडवलं, गंज खरवडला आणि गणपतीआधी घराला मारतो तसे दोन जाड हात मारले (आपल्या माणसाचं एका हातावर समाधान होत नाही). रंग वाळल्यावर सगळं होतं तसं जोडलं नि किल्ली फिरवली. टक्. बस, एवढंच. दिवे मिणमिणते, हॉर्न तर आजारी मांजरासारखा. सोसायटीतल्या चौघांनी धक्का मारून चालू करून दिली, तर चार्जिंगचा लाल दिवा काही केल्या विझेना. मग मी नवी बॅटरी आणली. तीही दोन दिवसांत उतरली. मग डायनॅमो उतरवला, बाजाराच्या पिशवीत घालून रिक्षाने अंधेरीला नेला, तिथल्या कारागिराने तो फिरवून दाखवला, ठणठणीत निघाला. परत बसवला. टक्. वॉचमनने सुचवलं म्हणून लिंबू-मिरचीही बांधली (गाडीने तिलाही दाद दिली नाही).

शेवटी बुधवारी लवूला बोलावलं. लवू मालवणचा, इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्याचं गॅरेज आहे, माणूस मोजकं बोलणारा. त्याने बॉनेटखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि म्हणाला, "काका, ह्या गाडयेक अर्थच नाय."

भावोजी, माझं डोकंच फिरलं. याच गाडीवर तुम्ही मला मार्वेच्या रस्त्यावर गिअर शिकवलेत. आमच्या आईला शेवटचा समुद्र याच गाडीतून दाखवला. मी त्याला चांगलं सुनावलं, की अर्थ आहे की नाही हे कळायला माणसाला आधी माया असावी लागते. लवू हातातल्या पान्याने बॅटरीकडे खुणा करत राहिला. तेवढ्यात वनमाला गॅलरीतून ओरडली, "अहो, तो अर्थिंगचं बोलतोय!" (तिच्या माहेरी इलेक्ट्रिकचं दुकान होतं, हे मी नेहमी विसरतो.)

तर बॅटरीची काळी वायर गाडीच्या लोखंडाला बोल्टने जोडलेली असते, तिला हे लोक 'अर्थ' म्हणतात. वीज लाल वायरीने जाते आणि लोखंडातून, या काळ्या वायरीने परत येते. ती परतीची वाट मी दोन हात मारून बुजवली होती. लवूने बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं केलं, वायर आवळली, किल्ली फिरवली. एका फटक्यात चालू! लाल दिवाही विझला. मी लवूच्या पाया पडायचाच बाकी होतो. संध्याकाळी वनमालाला मार्वेला फिरवून आणलं. ती गजरा माळून पुढे बसली होती. मला फार, फार बरं वाटलं.

ताईला नमस्कार. गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

तुमचा,
गुणाजी

ता. क. तुम्ही पाठवलेलं मुलुंडचं गिऱ्हाईक, ते सुयोग, रविवारी येऊन गेले. भला माणूस. दहा वेळा किल्ली फिरवली, गाडीने हूं की चूं केलं नाही. बिचारे चहा पिऊन परत गेले.

ता. क. २. मघाशी एक गोष्ट राहिली. रविवारी सकाळपासून ती काळी वायर माझ्या लेंग्याच्या खिशात होती. वनमालाला कपडे धुताना सापडली, आणि भावोजींना खरं कळवल्याशिवाय जेवायला वाढणार नाही म्हणाली. कळवलं. भावोजी, गाडी विकू नका हो. दिवाळीला ताईला घेऊन या. बोरिवलीला बस थांबते तिथे तुम्हाला न्यायला येतो. वायर लावून.