सुटलेली वस्तू सरळ जाते

बाबा, गेल्या रविवारी मी आपल्या मूल गावात नाचले. तुमच्या कॉलेजच्या मागे जी राइस मिल आहे, तिच्या रिकाम्या गोदामात. फरशीच्या फटींत अजून धानाचा कोंडा होता. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, म्हणून अडवायला कोणी नव्हतं असं गावातल्या एकदोघांना वाटलं असेल. तुम्ही असता तरी नाचलेच असते, हे आधी सांगून टाकते.

मी नववीत होते. स्वयंपाकघरात तुम्ही डब्याचं झाकण सुतळीला बांधून गरगर फिरवताय, आणि आई ओट्यापाशी उभी राहून म्हणतेय की कोणाचा तरी डोळा फोडाल. सुतळी सुटली, झाकण थेट दुधाच्या पातेल्यावर. दूध ओट्यावरून खाली वाहतंय आणि गावाचे फिजिक्सचे सर खुशीत. "पाह्यलं? आतून ओढणारा हात होता म्हणून गोल फिरत होतं. सुटलं का सरळ जाते." तुम्ही आईच्या हातून फडकं घेऊन फरशी पुसत होता तेव्हा मी हात पसरून स्वतःभोवती फिरले, मग हात छातीशी घेतले. वेग एकदम वाढला. पुस्तकात तो धडा यायच्या आधी मला तो अंगानं कळला होता. तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही हसलात आणि मला गणित घालून दिलंत.

दोन वर्षांनी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी नाचले. तुम्ही पहिल्या रांगेत, बाकीच्या सरांच्या मध्ये. घरी आल्यावर चप्पलसुद्धा काढली नाहीत. "नाचाले डोकं लागत नाई. देवानं तुले डोकं देलं, ते काऊन वाया घालवून राह्यली?" तुम्ही आवाज चढवला नाहीत, त्यामुळे ते वाक्य जास्त खोल गेलं. ते घेऊन मी नाच शिकायला नागपूरला गेले, पुढे बंगळूरला. तिथल्या आमच्या बाई तोल समजावताना वजन शरीराच्या कोणत्या बिंदूतून जातं ते खडूनं भिंतीवर काढायच्या, आणि मी सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायचे. तुम्ही एकदाही पाहायला आला नाहीत. फोन केला की आईकडे द्यायचात.

तर रविवारचं सांगते. आम्ही सहा जणी. जोडीजोडीनं मनगटं धरायची, मागे झुकायचं, फिरत राहायचं. दोघींपैकी कोणी एकटी उभी राहू शकत नाही, इतकं झुकायचं. मग एकेकीनं सोडायचं. सोडलेलीनं पडायचं नाही, वळायचं नाही, जिकडे सुटली तिकडे सरळ धावत गोदामाच्या भिंतीपर्यंत जायचं. ती धाव बसवायला मला आठ महिने लागले. कोणत्या क्षणी हात सुटला तर कोणती दिशा मिळेल, हे आम्ही कागदावर काढून, आपटून, गुडघे फोडून शोधलं. याला डोकं लागत नाही, असं आता म्हणून दाखवा.

खेळ संपल्यावर मिलचे मालक जवळ आले. ते तुमचे विद्यार्थी, आता केस पिकलेत. म्हणाले, "बाई, सरांनी मले हे दोनदा शिकवलं होतं. समजलं आज." मी त्यांना म्हटलं, सर असते तर त्यांनाही आजच समजलं असतं. तसं बोलल्याचं मला वाईट वाटलं नाही.

एक मात्र मी कोणालाच सांगितलेलं नाही. बारावीच्या फिजिक्सच्या पेपरात मी जेमतेम पास झाले आणि मला इंजिनिअर करायचं तुमचं स्वप्न राहून गेलं. त्या उन्हाळ्यात तुम्ही घरची शिकवणी बंद केलीत. आईला म्हणालात, "माह्या पोरीलेच समजलं नाई, तर माह्यंच शिकवणं कुठी तरी चुकलं." मी दाराआड उभी होते. पुढे आले नाही.

माफी मागत नाहीये. तीच वाट मला मोकळी दिसली होती, आणि आजही मी तेच केलं असतं. हे पत्र टाकायला पेटी नाही, असती तरी टाकलं नसतं. पण बाबा, तो पेपर मला सगळा येत होता. पास होण्यापुरतं लिहिलं आणि बाकीचा वेळ मी खिडकीबाहेर पाहत बसले होते.