अर्धा शेंदूर

धरणाकाठ, वैशाख १९५७

ती. हिंदुदादास,

यंदा धरणाचं पाणी खूप उतरलं. बुडालेल्या आपल्या गावातला भैरोबा कमरेपर्यंत उघडा पडला. पाण्यातून चालत जाऊन त्याला शेंदूर लावायचा मान थोरल्याचा, पण तुला देहूरोडच्या कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही. म्हणून धाकटा गेनबा गेला. देवाला अर्धा शेंदूर लागला असेल, तोच बगळे एकदम उडाले आणि शेजारचा ओंडका हलला. ती सुसर होती. काठाला त्याचं पागोटं तेवढं लागलं.

आई म्हणते, शेंदूर पुरा व्हायलाच हवा, थोरल्याला बोलाव. कळवलं तर तू सरळ पाण्यात शिरशील, म्हणून हे पत्र टाकणार नाही. आई रोज विचारते, "धाडलंस का गं?" मी "व्हय" म्हणते.

आत्ता लिहिता लिहिता वर पाहिलं. कोनाड्यात शेंदराची वाटी नाही. आईही घरात नाही.

तुझी,
सारजा