टायफाईडच, दुसरं काय!

४ जून २०२१
पिंकीचा ताप हटत न्हाई. परवापासून. गोळी दिली की घाम, थोड्या वेळानं परत अंग तव्यागत. मामा म्हणले, "उष्णता हाय, सब्जा पाजा." मामा म्हणजे आमचे सासरे, लिंबाजी. गावाला अक्कल शिकवणारे! पाजला सब्जा. सगळा ओकली.

५ जून
डोळे लालभडक. चिपडं न्हाईत, पाणी न्हाई, नुसते लाल. पोट दुखतंय म्हणून गुडघे छातीशी घेऊन पडलीय. सहा वर्षांचं लेकरू, बडबडीनं घर डोक्यावर घेणारं. आज एक शब्द न्हाई.

मामा आन सिद्धोधन तिला झरीला दवाखान्यात घेऊन गेले. (नवऱ्याचं नाव तोंडानं घेत न्हाई, पण इथं कोण बघायलंय!) मला म्हणले, गाडीवर चौथीला जागा न्हाई. सलाईन लावून आणली. डॉक्टरनं विचारलं म्हणे, घरात कोणाला कोरोना झालता का?

मी म्हणलं, मग काय सांगितलं? सिद्धोधन चपलेकडं बघायला लागला. मामा म्हणले, "टायफाईड झालता म्हणून सांगितलं. दुसरं काय सांगायचं?"

टायफाईड! एप्रिलात ह्याच सिद्धोधनला ताप, धाप. मी सुकट भाजली, अख्खी गल्ली शिंकली, आन ह्याला वासच न्हाई. टायफाईडात वास जातो का कुठं? पण राजेश्रीचं, माझ्या नणंदेचं, लग्न तोंडावर. मामांनी सगळ्यांना बसवून बजावलं: तपासायचं न्हाई, नाव काढायचं न्हाई. शेजारच्या कडूबाईच्या कानावर गेलं की गावभर डांगोरा, सोयरीक मोडलीच समजा. झालं लग्न. जिलेबी बी झाली. पिंकी तवा बापाच्या कुशीतच झोपायची. "लेकरांना काय होत न्हाई" असं जो तो सांगायचा.

६ जून
अंगावर पुरळ. ओठ फुटलेत. हात गार पडलेत. कडूबाई दारातनं डोकावली, "गोवर निघालाय वाटतं. उशाला लिंबाचा पाला ठेवा." आन नातवाला, बजरंगाला, दंडाला धरून ओढत नेलं.

मी म्हणलं, परभणीला न्यायचं. आत्ता. मामा म्हणले, "उद्या बघू." मी म्हणलं, "तुमी बघा उद्या, मी चालले." सासऱ्याला पहिल्यांदा असं बोलले. जीभ काय झडली न्हाई!

७ जून
परभणी, मोठा दवाखाना. डॉक्टर मॅडमनी डोळे बघितले, जीभ बघितली, आन परत तोच सवाल. मामांनी तोंड उघडायच्या आत मी ओरडले, "हिच्या बापाला झालता! टायफाईड नव्हता! लपवलं आमी!" सगळा व्हरांडा बघायलाय. बघू दे!

मॅडम म्हणल्या, लेकराला तवा काहीच दिसलं नसंल. पण काही लेकरांचं अंग महिन्याभरानं स्वतःवरच उलटतं. हृदयाला सूज आली असणार, मशीनवर बघायला लागंल. "झरीत खरं सांगितलं असतं तर त्यांनी तेव्हाच पाठवलं असतं."

सोयरीक टिकली ना, मामा? बसा आता.

८ जून
वॉर्डात भिंतीवर हत्ती, ससे रंगवलेत. तिसऱ्या लाटेत लेकरांना होणार म्हणून तयारी! हृदय बघायचं मशीन हाय, बघणारा डॉक्टर बाहेरून येतो, परवा येईल. पाहिजे ते इंजेक्शन नांदेडहून यायचंय. ससे तेवढे वेळेवर आले. मोठ्या शहरातलं लेकरू असतं तर त्याला असं ताटकळत ठेवलं असतं का?

सिद्धोधन पायऱ्यांवर बसून रडायलाय. रड! बोलायच्या वेळंला मूग गिळून बसलास.

९ जून
इंजेक्शन आलं. लावलं. आमी देव मानत न्हाई. आज पहिल्यांदा वाटलं, कोणाच्या तरी पाया पडायला पाहिजे होतं.

११ जून
पिंकीनं वरणभात मागितला! दोन घास खाल्ले, भिंतीकडं बघून म्हणली, "मम्मी, तो ससा वाकडा हाय." आली माझी बडबडी परत!

मॅडम म्हणल्या, सूज उतरायलीय. पण वर्षभर तपासायला यायचं, आन सध्या पळायचं न्हाई. ह्या पोरीला पळू नको म्हणायचं!

१९ जून
घरी आलो. मामा दारात पेढे वाटायलेत — "टायफाईडातून उठली माझी नात!" माझं डोकंच फिरलं. पुडा हातातनं काढून घेतला. अंगणात उभं राहून, कडूबाईला ऐकू जाईल असं म्हणलं, "कोरोना झालता! बापाचा लेकीला लागला! ज्याला तोडायचं त्यानं तोडावं!"

मामा जेवले न्हाईत. राहा उपाशी. राजेश्रीचा फोन आला, रडायलीय, "वैनी, माझ्या सासरी कळलं तर?" कळू दे.

२० जून
कडूबाईनं आमच्या नळाला लावलेला आपला हंडा उचलून नेला. वाटलंच होतं.

२२ जून
परभणीच्या वाटंवर, जीपमधी लिहितेय. मांडीवर बजरंगाचे पाय हायेत, निखाऱ्यागत. पुढं मामा बसलेत. मी या म्हणलं न्हाई, आपणहून चढले.

कडूबाई सकाळी मागच्या दारानं आली. मी भांडायच्या तयारीनंच उठले. ती पदराआडनं हळूच म्हणली, "मनिषा, पिंकीचे डोळे आधी लाल झालते का पोट आधी दुखलं? आमचा बजरंग चार दिस झाले तापलाय."

मी विचारलं, "घरात कोणाला झालता का?"

तिनं मान खाली घातली. "मे महिन्यात. आमच्याकडं बी टायफाईडच झालता."