एका वेळी एकच गोळी

३ मार्च

विचारलं एकदाचं! डॉक्टरीणबाई इंजेक्शनचा कागद लिहीत होत्या, तेवढ्यात मी म्हटलं, "ती साखरेची गोळी मला चालेल का? डायबिटीसची?"

हिने तिथेच कपाळावर हात मारला. "अहो, तुम्हाला कुठे डायबिटीस आहे?"

नाहीच आहे. मला आहे तो प्रोस्टेटचा कॅन्सर. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन आणि रोज चार पांढऱ्या गोळ्या, असा रीतसर उपचार चालू झालाय. पण मी वाचतो ना! साखरेची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी, अगदी जंतांचं औषधसुद्धा! एकासाठी केलेलं औषध भलत्याच रोगावर चालतं का, ते जगभर तपासून पाहतायत. लिफ्टची मोटर पिठाच्या गिरणीला लावून पाहावी तसंच. लिफ्ट दुरुस्तीत जन्म गेला माझा; मी लावलीय. चालली होती.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "प्रश्न चांगला आहे. साखरेच्या गोळीवर मोठ्या चाचण्या झाल्या. आयुष्य वाढतं असं ठामपणे दिसलं नाही. तुमची साखर ठीक आहे, आज मी देणार नाही. कोलेस्टेरॉल मात्र वाढलंय. त्याची गोळी देते, कोलेस्टेरॉलसाठी. कॅन्सरला तिचा त्रास झालाच, तर आपली काही हरकत नाही!"

आवडली बाई. निघताना म्हणाल्या, "मला न सांगता काहीही घ्यायचं नाही." मी मान डोलावली.

४ मार्च

हिने स्वतःच्या गोळ्यांचा डबा कपाटात टाकून कुलूप लावलं. साखरेचा रोग हिचा, गोळ्या हिच्या. "माझ्या गोळ्यांना हात लावायचा नाही हं! तुमचा काही नेम नाही." चाळीस वर्षांच्या संसाराचं हे प्रमाणपत्र.

काल परत येताना मी गप्प होतो, ते मात्र हिने पाहिलं. म्हणाली, "एवढं तोंड पाडून बसायला काय झालं?" सांगितलं. मला मरायची भीती वाटते. तोंडाने पहिल्यांदा बोललो.

हिने पांघरूण नीट केलं माझं.

१९ मार्च

दवाखान्यात बाकावर टोपीवाले भेटले. माझाच आजार, माझीच इंजेक्शनं. केस गेलेले नाहीत तरी टोपी घालतात! कानाशी येऊन म्हणाले, "जंतांची गोळी घ्या. माझ्या साडूचा मित्र खडखडीत बरा झाला."

"आणखी काय काय घेत होता तो?"

"सगळंच घेत होता की!"

मग कळणार कसं, जंतांच्या गोळीने की सगळ्याने? लिफ्ट दुरुस्तीत पहिला धडा हाच – एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन सुटे भाग एकदम बदलले आणि लिफ्ट चालली, तर चालली कशाने ते देवालाही ठाऊक नाही.

हे सगळं मी टोपीवाल्यांना समजावून सांगितलं. आणि येताना औषधाच्या दुकानातून जंतांच्या गोळ्या घेऊन आलो. काय म्हणावं मला?

२२ मार्च

सुरू केली. बुटांच्या खोक्यात ठेवलीय, हत्यारांच्या मागे. हिला सांगितलं तर घर डोक्यावर घेईल.

६ एप्रिल

सकाळचं दूध कडसर लागतं. औषधांनी तोंडाची चव जाते म्हणतात. मी अर्धा पेला ठेवला तर ही समोर उभी! "संपवा." संपवेपर्यंत हलली नाही. हल्ली मायेचा पूर आलाय.

२ मे

पीएसए अडतीसवरून चारवर!! म्हणजे रक्तातला तो कॅन्सरचा आकडा. बाई खूश. ही तिथेच रडली, मग नाक पुसून म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" काय म्हटलं होतं ते काही आठवेना, पण असो.

मी विचारलं, "श्रेय कोणाचं?"

"इंजेक्शन आणि रोजच्या चार गोळ्यांचं. त्यांच्याकडून एवढी अपेक्षा असतेच," बाई म्हणाल्या.

बुटांच्या खोक्याबद्दल बोललो नाही. पण डोक्यात भुंगा – त्याचा वाटा किती? शून्य? थोडा? कळायला काही मार्गच ठेवला नाही मी.

२० मे

पोट बिघडलंय. दिवसभर फेऱ्या. ही सारखी पाणी पिते आणि जिन्यावर दम लागून बसते. माझ्या काळजीने दमलीय बिचारी.

६ जून

लिव्हरचे आकडे तिपटीच्या वर गेलेत. त्यात पोटही बिघडलेलं. बाईंचा चेहरा उतरला. "त्या चार गोळ्यांनी कधी कधी असं होतं. थांबवाव्या लागतील बहुतेक. सोमवारी पुन्हा रक्त पाहून ठरवू."

ज्या गोळ्यांनी आकडा अडतीसवरून चारवर आणला, त्याच बंद!

घरी आल्यापासून अन्न गोड लागत नाही.

७ जून

लिफ्टचं दार नीट लागलं नाही तर लिफ्ट हलत नाही. घाईतला मेकॅनिक काय करतो – दाराच्या स्विचला एक वायर जोडतो. लिफ्टला वाटतं, दार लागलंय. तपासणी झाली की वायर काढायची. ती तशीच ठेवून, कोणाला न सांगता जो घरी जातो, त्याला आमच्यात क्षमा नाही. मागून येणारा बिचारा मोटर खोलतो, दोर तपासतो, आणि दोष भलतीकडेच.

ती वायर मी माझ्याच अंगात टाकून ठेवलीय. बाई मोटर खोलायला निघाल्यात.

९ जून

सांगितलं. खोकंच नेलं होतं, टेबलावर ठेवलं. बाईंनी गोळ्या उलटसुलट करून पाहिल्या. "आणखी काही?"

"देवाशपथ नाही."

"मी काय ओरडले असते तुम्हाला? विचारलं असतंत तर काय काय तपासायचं ते तरी सांगितलं असतं." हे ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. जंतांची गोळी बंद. लिव्हर आणखी चढलं नव्हतं, म्हणून चार गोळ्या तेवढ्या अर्ध्यावर आणल्या.

बाहेर आल्यावर ही माझ्यावर तुटून पडेल असं वाटलं होतं. "लपवून औषध घेता? जिवाशी खेळ!" एवढं म्हणाली, आणि मधेच थांबली. रिक्षात बाहेरच बघत बसली. हिचं असं कधी झालं नाही.

३० जून

लिव्हर उतरलं! चार गोळ्या दहा दिवसांपूर्वीच पुन्हा पूर्ण केल्या, तरी उतरतंच राहिलं. म्हणजे वायर ती जंतांची गोळीच होती.

पोट मात्र तसंच. बाई म्हणाल्या, "हे जुळत नाही. खरंच आणखी काही घेत नाही ना?" मी पुन्हा शपथ घेतली. ही पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

३ जुलै

ही जिन्यात चक्कर येऊन बसली. तिच्या डॉक्टरांकडे नेलं. साखर तीनशेच्या पुढे! "गोळ्या वेळेवर घेता का?" "दोन्ही वेळा," ही म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

४ जुलै

लवकर उठलो. स्वयंपाकघरात ही पाठमोरी. दोन चमच्यांच्या मधे आपली सकाळची गोळी चिरडत होती. शेजारी माझा दुधाचा पेला.

"तुम्हाला हवी होती ना," म्हणाली. "मरायची भीती वाटते म्हणालात."

"आणि तुझं काय?"

"मला संध्याकाळची पुरते."

मार्चपासून!

दूध मोरीत ओतून दिलं. तिला खुर्चीत बसवलं. एक अख्खी गोळी तिच्या हातावर ठेवली, आणि गिळेपर्यंत समोर उभा राहिलो.